धूसर देऊळ: अंबरनाथचं फोटोशूट आणि आपली घाईची टीका

पेट पास झाली, इंटरव्ह्यू जवळ आला की विषय शोधायची धावपळ सुरू होते. समाजशास्त्र, इतिहास किंवा मास मीडिया घेतलेल्या आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकडच्या मुलामुलींना त्या धावपळीत एक विषय बऱ्याचदा सुचतो: प्री-वेडिंग फोटोशूट. विषय डोळ्यांसमोर आहे, फोटो इन्स्टाग्रामवर ढिगाने मिळतात, आणि प्रत्येकाच्या घरात नाहीतर मित्रमंडळींत एखादं लग्न झालेलंच असतं. मग सिनॉप्सिसचं शीर्षक ठरतं, 'समाजमाध्यमांचा विवाहसंस्कृतीवर होणारा परिणाम', आणि पहिल्याच पानावर निष्कर्षही येतो: तरुण पिढी दिखाऊ झाली, वारसास्थळांचं पावित्र्य गेलं, बाजाराने लग्न गिळलं.

विषय चांगलाच आहे. अडचण आहे ती इतक्या लवकर आलेल्या निष्कर्षाची. आज एकच उदाहरण घेऊन हे जरा सावकाश बघू: अंबरनाथचं शिवमंदिर आणि त्याच्या आसपास, त्याला मागे ठेवून काढलेले जोडप्यांचे फोटो. या फोटोंवर टीका करायची आहेच, आणि ती मी करणार आहे. पण आधी फोटो नीट बघायला हवा, मग तो कसा ठरतो ते बघायला हवं, आणि त्यानंतर पुस्तकातली संकल्पना काढायची. सिनॉप्सिसमध्ये बहुधा हा क्रम उलटा असतो.

फोटोत काय दिसतं?

या प्रकारातला नमुनेदार फोटो डोळ्यांसमोर आणा. मुलीचा लांब घेर असलेला, बहुतेकदा भाड्याने आणलेला गाउन किंवा नऊवारी. मुलाचा बंदगळा. दोघं एकमेकांकडे बघतायत, कॅमेऱ्याकडे नाही. मागे काळसर दगडाचं काहीतरी उंच, कोरीव, पण धूसर. फोटोग्राफर मंडळी यासाठी ८५ एमएमसारखी पोर्ट्रेट लेन्स वापरतात आणि अ‍ॅपर्चर मोठं ठेवतात, म्हणजे माणसं स्पष्ट येतात आणि मागचं सगळं विरघळतं. एडिटिंगमध्ये रंग जरा तपकिरी-सोनेरी केले जातात. झालं.

आता त्या फोटोतलं देऊळ कुठलं हे ओळखून दाखवा. अंबरनाथचं? सिन्नरचं गोंदेश्वर? की आणखी कुठलं? ओळखता येत नाही. माझ्या टीकेचा पहिला मुद्दा हाच आहे. 'ऐतिहासिक' हे विशेषण फोटोला हवंय, पण इतिहास कुठला, कोणाचा, याने फोटोत काहीच फरक पडत नाही.

जे धूसर झालं ते काय आहे?

हे देऊळ वालधुनी नदीच्या काठावर आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातलं, भूमिज शैलीचं. शिखराचा वरचा भाग आज शाबूत नाही. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून पिंडीपर्यंत जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांची इतकी दाटी आहे की एका फेरीत ती वाचून होत नाही. त्या शिल्पांत शिव-पार्वतीच्या लग्नाचा प्रसंगसुद्धा आहे. कुमुद कानिटकर यांनी या एका देवळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. विषय घेणाऱ्याने निदान तो उघडून बघावा.

लग्नाआधीचा फोटो काढायला आलेलं जोडपं, मागच्या भिंतीवर लग्नाचंच शिल्प, आणि फोटोत ते सगळं मऊ तपकिरी ठिपक्यांत गेलेलं. इथे कुणी देवळाचा अपमान केला असं मला वाटत नाही. एक फार चांगला फोटो हातचा गेला, एवढंच वाटतं.

याच देवळात संशोधकासाठी एक धडा कोरलेला आहे. उत्तरेकडच्या दाराशी, आतल्या बाजूच्या तुळईवर एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि आकडा ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे इसवी सन १०६०. सात की नऊ, एवढाच प्रश्न, पण उत्तर बदललं आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं. त्यामुळेच आज आपण शिलाहार राजा मम्वाणी आणि त्याचा भाऊ छित्तराज यांच्या संदर्भात या देवळाबद्दल बोलू शकतो. भाऊ दाजी काही साधे अभ्यासक नव्हते. तरी त्यांचं वाचन पुन्हा दगडापाशी नेऊन तपासावं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

फोटोग्राफीचा आणि या देवळाचा संबंधही आजचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चाने या देवळाचे आराखडे, साचे आणि छायाचित्रं करून घेतली गेली, आणि १८७४ च्या 'इंडियन अँटिक्वरी'त त्यावर लेख आला. म्हणजे कॅमेरा इथे दीडशे वर्षं येतोय. तेव्हा तो भिंत बघायला आला होता आणि माणूस चौकटीत असलाच तर उंचीचा अंदाज यावा म्हणून. आज तो माणूस बघायला येतो आणि भिंत अंधूक होते. दोन्ही नजरांमध्ये काहीतरी सुटतं. जुन्या सरकारी फोटोंत देऊळ जिवंत आहे, तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरते, श्रावणी सोमवारी रांग लागते, हे दिसत नाही. तेव्हा 'पूर्वीचं सगळं शुद्ध आणि आताचं भ्रष्ट' अशी मांडणी करणार असाल तर थांबा.

फोटो बुकिंगमध्येच ठरतो

आता मुख्य मुद्दा. आपण अभ्यास करतो तो तयार फोटोचा. पण या प्रकारातला फोटो देवळापाशी ठरत नाही, बुकिंग होतं तेव्हाच ठरतो.

बुकिंगची पद्धत साधारण अशी असते. जोडपं फोटोग्राफरला इन्स्टाग्रामवर किंवा ओळखीतून गाठतं. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच्या कामाचे नमुने आणि पॅकेजचं पत्रक पाठवतो: अर्धा दिवस की पूर्ण, किती लोकेशन, किती कपडे, एडिट केलेले फोटो किती, रील किती मिनिटांची, मेकअप आर्टिस्ट धरून की वेगळी, अ‍ॅडव्हान्स किती. जोडपं उलट दहा-बारा 'रेफरन्स' पाठवतं, म्हणजे दुसऱ्यांच्या शूटचे स्क्रीनशॉट. 'असा हवा'. मग तारीख, सकाळचा कोवळा प्रकाश, गाडी.

यात देऊळ कुठे येतं? 'लोकेशन' या रकान्यात. त्याच रकान्यात बदलापूरजवळचा धबधबा बसतो, एखादं फार्महाऊस बसतं, वसईचा किल्ला बसतो. पत्रकाच्या हिशेबात हे सगळे एकमेकांच्या जागी चालतात. आणि एकमेकांच्या जागी चालायचं तर त्यांनी सारखं दिसायला हवं. म्हणून मागचं धूसर होतं. ही काही एकट्या फोटोग्राफरची आवड म्हणता येणार नाही. बुकिंगच्या तक्त्याची ती गरज आहे. अर्ध्या दिवसात दोन लोकेशन आणि तीन कपडे बदलायचे असतील तर भिंतीवरचं शिल्प शोधून, उन्हाची तिरीप तिथे येईपर्यंत कोण थांबणार?

बुकिंगच्या कागदात संशोधकासाठी आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी दडलेल्या असतात.

एक म्हणजे परवानगी. हे देऊळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतलं. प्राचीन स्मारकांसंबंधीचे १९५९ चे नियम वाचण्यासारखे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढण्याला त्यात वाव आहे. मात्र परवानगीशिवाय कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, टेबल, चित्रकाराची घोडी आणता येत नाही. कॅमेऱ्याबरोबर उडणाऱ्या फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम प्रकाश वापरता येत नाही. चित्रीकरणासाठी तर वेगळा परवाना लागतो. नियम लिहिणाऱ्यांसमोर अभ्यासक, चित्रकार आणि सिनेमावाले होते. हातातल्या कॅमेऱ्यातच व्हिडिओ असेल, आणि स्वतःचंच लग्न हा सिनेमा असेल, हे १९५९ मध्ये कुणाच्या मनात येणार? त्यामुळे गेटवरच्या माणसाला रोज ठरवावं लागतं की समोरचं जोडपं भाविक आहे, पर्यटक आहे की 'शूट' आहे. हा प्रश्न छान आहे, मैदानी अभ्यासाचा आहे, आणि इन्स्टाग्राम स्क्रोल करून त्याचं उत्तर मिळत नाही. ड्रोनचं तर आणखी वेगळं: अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, त्यामुळे उडवण्याआधी झोनचा नकाशा बघावाच लागतो.

दुसरी गोष्ट मालकीची. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. आता तो 'वेगळा करार' कुठे असतो? पॅकेजच्या पत्रकात तळाला, बारीक अक्षरांत: 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील.' म्हणजे एका जोडप्याचा खाजगी क्षण पुढच्या जोडप्याचा 'रेफरन्स' कसा होतो, ते या एका ओळीत कळतं. सगळे फोटो सारखे का दिसतात, याचं निम्मं उत्तर याच ओळीत आहे.

पुस्तकं कुठे उपयोगी पडतात, कुठे अडतात

या विषयावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नाव म्हणजे जॉन अरी. त्यांचं 'द टूरिस्ट गेझ' १९९० चं. त्यातला एक विचार इथे चपखल बसतो: पर्यटक जी दृश्यं आधी जाहिरातीत, पत्रकात बघतो, तीच शोधायला जातो, आणि तिथे पोचून तसाच फोटो काढून परत येतो. रेफरन्सच्या स्क्रीनशॉटना हे अगदी लागू आहे. पण अरींचा पर्यटक घर सोडून लांब गेलेला असतो, रोजच्यापेक्षा वेगळं बघायला. आपलं जोडपं शेअर रिक्षाने पोचण्याइतकं जवळ राहतं. मुलीची आजी दर श्रावणात इथे येत असेल. तेव्हा नुसतं 'हे टूरिस्ट गेझ आहे' असं लिहून पुढे जाता येणार नाही. खरा प्रश्न असा, की स्वतःच्याच गावात पाहुणं होऊन फोटो काढायची गरज का पडते? २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत अरींनी योनास लार्सन यांना बरोबर घेऊन, पर्यटक नुसतं बघत नाही तर कॅमेऱ्यासमोर नातं वठवतोही, या बाजूला जास्त जागा दिली आहे. पहिलीच आवृत्ती वाचून थांबणाऱ्यांची ही बाजू सुटते.

पिएर बोर्दिअ यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये फ्रान्समधल्या हौशी फोटोग्राफीवर जे लिहिलं, ते तर थेट आपल्या अंगणातलं वाटतं. कुटुंब आपले महत्त्वाचे प्रसंग फोटोतून पक्के करतं, आणि प्रसिद्ध वास्तूसमोर उभं राहून काढलेला फोटो त्या माणसाची आणि त्या जागेची गाठ पडल्याची खूण असतो. पण ती खूण चालायची तर जागा ओळखू यायला हवी. आयफेल टॉवर धूसर करून कुणी फोटो काढेल का? अंबरनाथ मात्र धूसर चालतं.

तिसरं पुस्तक टीका करणाऱ्यांनी नक्की वाचावं, कारण ते आपल्याला अडवतं. क्रिस्टोफर पिनी यांचं 'कॅमेरा इंडिका' (१९९७). मध्य प्रदेशातल्या नागदा इथल्या स्टुडिओंचा त्यात अभ्यास आहे. रंगवलेले पडदे, जोडून केलेले फोटो, दुहेरी प्रतिमा. पिनी दाखवतात की लोकांना तिथे 'मी खरा जसा आहे तसा' फोटो नकोच असतो. त्यांना आपलं एखादं शक्य असलेलं रूप बघायचं असतं. म्हणजे 'हे फोटो खोटे आहेत' हा आक्षेप आपल्याकडे फार लांब जात नाही. रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहिलेले आपले आजी-आजोबाही तेच करत होते, आणि त्या फोटोंवर आपण प्रेमच करतो.

मग चूक कुठे आहे?

जोडप्याची बाजू आधी नीट मांडू. या तीन गावांची बाहेर जी ओळख आहे, ती लोकलच्या गर्दीची, उल्हासनगरच्या कॅम्पांची, जीन्सच्या कारखान्यांची, वालधुनीच्या रंगीत पाण्याची. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. अंबरनाथ वाढलं ते विम्को, धरमसी मोरारजी, ऑर्डनन्स यांच्या भोंग्यांवर. फोटो काढायला 'ऐतिहासिक शहर' म्हटलं की उदयपूर, जयपूर, बनारस, या पट्ट्यातलं काहीच कुणाला आठवत नाही. अशा ठिकाणचं एखादं जोडपं उदयपूरचं पॅकेज न घेता, किंवा ते परवडत नाही म्हणून, हजार वर्षांच्या जवळ पोचलेल्या आपल्या देवळापाशी येतं. यात मला दिखाऊपणापेक्षा हक्क जास्त दिसतो. आमच्याकडेही देखणं काही आहे, आणि आम्हीही देखणे आहोत. रोज सकाळी लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला वर्षातून एक दिवस सावकाश, कोवळ्या उन्हात, कुणीतरी नीट बघावंसं वाटलं, तर त्याला हसणारे आपण कोण?

पण नेमकं म्हणूनच तयार फोटोवर माझा राग आहे. हा हक्क मागायला आलेल्या जोडप्याला फोटो काय देतो? कुठलीही जागा असू शकेल अशी एक जागा. अंबरनाथपासून सुरुवात करून तो अंबरनाथच पुसून टाकतो. नदी नाही, कारखान्याची चिमणी नाही, दर्शनाची रांग नाही, आणि भिंतीवरचं लग्नही नाही. उदयपूर परवडलं नाही म्हणून अंबरनाथला आलेल्यांना फोटो सांगतो, बघा, उदयपूरसारखंच दिसतंय. गावाला मिळू शकणारा मान तिथेच हुकतो.

वसईशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. वसईचा किल्ला प्री-वेडिंगसाठी इतका वापरला जातो की दुर्गप्रेमींचा आणि शूटवाल्यांचा वाद नेहमीचा झालाय. पण तिथली चर्चची उघडी कमान, वडा-पिंपळाची मुळं धरलेली भिंत फोटोत ओळखू तरी येते. २०१६ मध्ये कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड'च्या व्हिडिओत वसई जगभर फिरली. तिथेही ती 'गूढ भारत' नावाचा पडदा म्हणूनच आली, हे खरं. तरी वसई हे नाव लोकांनी शोधून काढलं. अंबरनाथच्या फोटोंत शोधायलाही काही उरत नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा

जिलियन रोज यांचं 'व्हिज्युअल मेथडॉलॉजीज' (पहिली आवृत्ती २००१) या विषयासाठी हाताशी ठेवा. प्रतिमेचा अर्थ कुठे कुठे घडतो याच्या त्या तीन जागा सांगतात: प्रतिमा तयार होते ती जागा, स्वतः प्रतिमा, आणि ती बघणारे. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत चौथी जागा आली, प्रतिमा फिरते ती वाट. आपल्या विषयात या चारही जागा खऱ्या पत्त्यांसकट आहेत. तयार होते ती जागा म्हणजे पॅकेजचं पत्रक, रेफरन्सचे स्क्रीनशॉट, गेटवरचा कर्मचारी. प्रतिमा म्हणजे लेन्स, चौकट, काय आत आणि काय बाहेर. बघणारे म्हणजे सासर, माहेर, ऑफिसातले मित्र, आणि हॉलच्या दाराशी लावलेल्या स्क्रीनसमोर जेवणाची वाट बघणारे पाहुणे. फिरण्याची वाट म्हणजे स्टुडिओचं इन्स्टाग्राम खातं.

यातली पहिली जागा बहुतेक सिनॉप्सिसमधून गायब असते. तिथे काम करा. दहा फोटोग्राफरांशी बोलणं हे हजार फोटो मोजण्यापेक्षा कठीण आहे, पण बहुतेकदा नवं काही तिथेच मिळतं.

आणि एक नैतिक बाब. इन्स्टाग्रामवर फोटो उघड दिसतो म्हणून तो आपल्या प्रबंधात छापायला मोकळा झाला, असं नाही. वर सांगितलेली बारीक अक्षरांतली ओळ आठवा. फोटो स्टुडिओने टाकलाय, जोडप्याने कदाचित मनापासून हो म्हटलेलंही नसेल. काही लग्नं पुढे मोडतात, काही ठरलेलीच मोडतात. परवानगी मागा, चेहरे झाका, किंवा फोटो न छापता शब्दांत वर्णन करा. एथिक्स कमिटीला दाखवायचा कागद म्हणून हे करू नका, समोर खरी माणसं आहेत म्हणून करा.

आता तो शिलालेख. आपण जोडप्यांना म्हणतो, तुम्ही देऊळ न बघताच पुढे उभे राहिलात. मग 'दिखाऊपणा', 'बाजारीकरण', 'टूरिस्ट गेझ' असे तीन शब्द पुढे ठेवून आपणही जोडप्याला मागे धूसर करतो, तेव्हा वेगळं काय करतो? आपल्याही पत्रकात रकाना ठरलेला असतो आणि समोरचं कुठलंही उदाहरण त्यात चालतं. सात आहे की नऊ, हे तुळईखाली उभं राहूनच कळतं.

तेव्हा गाइडकडे जाण्याआधी एक छोटं काम करा. या प्रकारातला एकच फोटो निवडा, मालकाची परवानगी घेऊन. तो घेऊन देवळापाशी जा आणि फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता ती जागा शोधा. तिथे उभं राहून, फोटोत जे आलं नाही त्याची यादी करा: डावीकडे काय, उजवीकडे काय, पाठीमागे काय, आवाज कसले, वास कसला, कोण ये-जा करतंय. धूसर झालेलं शिल्प कुठलं तेही ओळखायचा प्रयत्न करा. दोन पानं होतील. माझ्या मते सिनॉप्सिसची सुरुवात 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात' या वाक्याने करण्यापेक्षा त्या दोन पानांनी करावी.